कळा सुरू झाल्यावर झोपूनच राहायचं का? आणि डिलिव्हरी उताणीच का?

पहिलटकरीण_कराड
नमस्कार. वाचते इथे बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदा. ३४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच आहे, बीपी शुगर सगळं ओके, बाळाचं डोकं खाली आलंय. राहते पुण्यात पण बाळंतपणाला माहेरी आलेय मागच्या रविवारी.

तर झालं असं की इथल्या हॉस्पिटलमधे मी लेबर रूम बघू का विचारलं, सिस्टर हसल्या पण नेलं आत. एक अरुंद काळ्या रेक्झिनचं टेबल, दोन्ही बाजूला पाय अडकवायचे स्टँड, वर लाईट, बास. मी विचारलं की कळा सुरू झाल्यापासून यावरच का, तर म्हणाल्या नाही नाही आधी वॉर्डात कॉटवर झोपायचं, मग इथे. म्हणजे झोपायचंच. घरी येऊन सांगितलं तर आजी (वय ८६, पाच बाळंतपणं, पाचही घरी) म्हणाली आडवं पडून कुणाला जोर लागतो का गं, आम्ही आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडव्या बसायचो, सुईण पुढे आणि चुलत सासू मागून कमरेला धरून. आई म्हणते तुझ्या वेळी मला सलाईन लावून जे झोपवलं ते १६ तास कूस बदलू दिली नाही, पाठ मोडली पण विचारणार कुणाला. आत्याचं तिसरंच, रोज उकिडवी बसून फरशी पूस, नॉर्मल होणार म्हणजे होणारच. आणि पुण्यातली मैत्रीण म्हणते एपिड्यूरल (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते औषध) घे आणि गप झोप, कशाला हे सगळं.

मला खरंच कळत नाहीये की हे फक्त सोयीचं आहे का याने काही फरक पडतो. फरक पडत असेल तर डॉक्टरांना काय विचारू, आणि कसं विचारू की त्यांना राग येणार नाही. सोनोग्राफीत बाळाची पाठ मागच्या बाजूला आहे असंही लिहिलंय, त्याचं टेन्शन वेगळंच.

लेबररूमची_ताई
ताई आधी अभिनंदन. मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं लेबर रूमच करतेय, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. तुझी आजी बरोबर आहे पण तिने सगळं नाही सांगितलं, दोर धरून बसायचं ते अगदी शेवटी. आमच्याकडे कधीकधी गर्भपिशवीचं तोंड दोन तीन सेंटीमीटरच उघडलेलं असताना बायका घरूनच जोर करत येतात कारण घरच्यांनी उकिडवं बसवून जोर कर जोर कर केलेलं असतं, मग पिशवीचं तोंड सुजतं, बाई दमून जाते आणि खरा जोर लागायचा तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. तर पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत हिंडाफिरायचं, जोर नाही करायचा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेव डोक्यात.

बाकी फिरल्याने फरक पडतो, रोज बघते. कळ आली की उभ्या उभ्या कॉटच्या कडेवर हात टेकून पुढे वाकायचं, कंबर हळूहळू डोलवायची, जात्यावर बसल्यासारखी. कळ गेली की दोन पावलं चाल. दमलीस तर खुर्चीवर उलटी बस, म्हणजे पाठीकडे तोंड करून, पाठीवर उशी आणि उशीवर डोकं. त्याहून दमलीस तर डाव्या कुशीवर झोप, पायात उशी घालून. उताणं तेवढं नको. पोटाचं सगळं ओझं मागच्या मोठ्या शिरेवर येतं, मग चक्कर मळमळ घाम, बीपी खाली येतं आणि बाळाच्या ठोक्यावरही परिणाम होतो, कुशीवर वळवलं की बऱ्याचदा दोन मिनिटात ठोके जागेवर येतात. दर दोन तासाला लघवीला जा, आली नाही तरी जा, भरलेल्या लघवीच्या पिशवीने डोकं अडतं हे कुणी सांगत नाही.

आता झोपून राहा असं आम्ही का म्हणतो ते पण सांगते, खोटं कशाला. रात्री तीन तीन बायका कळा देतायत आणि सिस्टर मी एकटी, एखादी बाई व्हरांड्यात फिरायला गेली की मला तिचे ठोके घ्यायला शोधत फिरावं लागतं. पहिल्या टप्प्यात अर्ध्या तासाला ठोके घ्यायचेच असतात आणि शेवटी शेवटी तर दर पाच मिनिटाला. पण ठोके डॉपलरने (पोटावर टेकवून ठोके ऐकायचं हातातलं यंत्र) उभ्या बाईचे पण घेता येतात, मी घेते. सोबत कोणी असेल तर माझं काम अर्धं होतं, म्हणून सोबतीणीचा आग्रह धर. सरकारीत २०१७ ला लक्ष्य कार्यक्रम (लेबर रूम सुधारायचा केंद्र सरकारचा) आला तेव्हापासून सोबतीण आणि बाळंतिणीला सोयीची पोझिशन या दोन्ही गोष्टी कागदावर आहेत, टेबलाऐवजी लेबर बेड घ्या असंही आहे. आमच्याकडे बेड आला, त्याचा पाठीचा भाग वर होतो, तेवढ्यानेसुद्धा खूप फरक पडला.

आणि हे लक्षात ठेव, फिरायचं नाही कधी: अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलंय आणि डोकं अजून वरच तरंगतंय (नाळ खाली घसरू शकते), पाणी हिरवट असेल, बीपी वाढलं असेल, किंवा ठोके कमी जास्त होत असतील. तेव्हा सिस्टर झोप म्हणाली तर झोप.

दुसरी_खेप
माझी दोन्ही बाळंतपणं अगदी वेगवेगळी झाली म्हणून लिहितेय. पहिलं मुंबईत, एपिड्यूरल घेतलं, दुखणं गेलं हे खरं, आणि मैत्रिणीला वेडं नको ठरवू, मला तर त्या क्षणी देव दिसला होता. पण मला वाटलं होतं की एपिड्यूरल म्हणजे आता ओंडक्यासारखं पडायचं, तसंच पडून राहिले चार तास, उताणी, पाय बधिर. नंतर कळलं की दर अर्ध्या तासाने या कुशीवरून त्या कुशीवर वळवायला सांगायचं असतं, दोन गुडघ्यांच्या मधे जाड उशी किंवा तो शेंगेच्या आकाराचा फुगा मिळतो तो घालायचा. आणि यात एक गंमत आहे, आपण समजतो उभं बसलेलं नेहमीच चांगलं, पण इंग्लंडमधे एपिड्यूरल घेतलेल्या तीन हजाराहून जास्त पहिलटकरणींवर अभ्यास झाला होता, २०१७ ला छापून आला, त्यात जोर करायच्या टप्प्यात कुशीवर झोपलेल्यांची आपोआप डिलिव्हरी ४१ टक्के आणि बसत्या राहिलेल्यांची ३५ टक्के. उलटच निघालं. म्हणजे एपिड्यूरल असेल तर कुशीवर झोपायला लाजायचं काही कारण नाही.

दुसऱ्या वेळी एपिड्यूरलला वेळच मिळाला नाही. पाठीतून कळा येत होत्या, पोटात कमी आणि माकडहाडात जास्त, असं वाटायचं की कोणीतरी कंबरेत पहार घालतंय. झोपवलं की जीव जायचा. मी आपली कॉटवर गुडघ्यावर आणि हातावर ओणवी झाले, रांगत्या बाळासारखी, आणि तिथून हललेच नाही. नवीन डॉक्टर होती बिचारी, ती म्हणाली असं मला कळत नाही बाळ कुठल्या बाजूने येणार, पण सिस्टर जुन्या होत्या, त्या म्हणाल्या राहू दे तिला, मी बघते. ओणव्यानेच झाली डिलिव्हरी, दोनच टाके. पहिल्या वेळी बाळाला वाट मोठी करायला कट दिलेला त्याचे किती होते ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

खडूस_गायनॅक
मी या धंद्यातला आहे, जिल्ह्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल, त्यामुळे सोयीसाठी झोपवतात या वाक्याचा मला राग यायला हवा, पण तो अर्धा खरा आहे म्हणून येत नाही. पाय स्टँडला लावले की मला सगळं दिसतं, हात पोचतो, लाईट नीट पडतो, टाके घालता येतात, व्हॅक्यूम (डोक्याला कप लावून बाळ ओढायचं साधन) लावायचा तर तीच पोझिशन लागते. आम्हाला कॉलेजात शिकवलंही तसंच, मी रेसिडेन्सीत शेकडो डिलिव्हऱ्या केल्या त्यातली एकही उकिडवी नव्हती, मग बाहेर येऊन अचानक कुठून येणार ते.

आता पुरावा. पहिल्या टप्प्यात, म्हणजे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, उभं राहणाऱ्या चालणाऱ्या बायकांचा वेळ सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी निघाला आणि सिझरही थोडं कमी, हा कॉक्रेनचा (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१३ चा आढावा आहे, २५ अभ्यास, पाच हजाराहून जास्त बायका. हे मी मान्य करतो आणि पेशंटला फिरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मधे तेच सांगितलं, की धोका नसलेल्या बाईला हिंडूफिरू द्या आणि जन्माच्या वेळची पोझिशन तिच्या पसंतीची ठेवा, एपिड्यूरल असो वा नसो.

पण दुसरा टप्पा, म्हणजे जोर करायचा, थोडा वेगळा आहे. बसून किंवा उकिडवं असताना चिमटे व्हॅक्यूम आणि कट कमी लागतात हे खरं, पण ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त जाणाऱ्यांचं प्रमाण त्यात जास्त दिसतं. नीट मोजलं जातं म्हणून जास्त दिसतं असंही म्हणतात, असेल. पण माझ्याकडे हिमोग्लोबिन ८ असलेली, म्हणजे आधीच रक्त कमी असलेली पोरगी येते, तिच्या बाबतीत मी नुसतं असेल म्हणून सोडून नाही देऊ शकत. तिला मी बसवून जोर करू देतो आणि डोकं दिसायला लागलं की कुशीवर किंवा अर्धवट टेकवून घेतो. यात माझंही समाधान तिचंही.

आणि अजून एक, बाळाचे खांदे अडकले तर पहिलं काम काय करतात माहितीये? बाईला उताणं करून दोन्ही मांड्या पोटाशी दाबतात. त्याने नाही जमलं तर ओणवं करतात. म्हणजे उताणं हा शत्रू नाही आणि ओणवं हा देव नाही, गरज पडेल तशी पोझिशन बदलता आली पाहिजे, आई आणि स्टाफ दोघांनाही.

बाळाची पाठ मागे आहे त्याचं ३४ आठवड्यांना टेन्शन घेऊ नको. बहुतेक बाळं कळांमधे स्वतःच फिरतात. फरशी पुसल्याने फिरतं का, तर ऑस्ट्रेलियात अडीच हजार बायकांना शेवटच्या आठवड्यांत रोज ओणवं राहायला लावून बघितलं, बाळाच्या वळण्यात फरक नाही पडला. फरशी स्वच्छ होते एवढं नक्की. आत्याला सांगू नका मी सांगितलं.

लेबररूमची_ताई
@खडूस_गायनॅक सर पटलं सगळं. फक्त एक, फरशी पुसण्याने बाळ फिरत नसेल पण ज्या पोरींना खाली बसायची उठायची सवय आहे त्यांना आयत्या वेळी उकिडवं बसता तरी येतं, आताच्या पोरी कमोडवाल्या, दोन मिनिटात मांड्या थरथरतात. बाळाची पाठ मागे असली की आईची पाठ दुखते, ओणवं राहिलं तर त्या पाठदुखीला आराम पडतो हे पण खरं ना.

खडूस_गायनॅक
पाठदुखीला पडतो, हो. मान्य.

सिझरवाली_साताऱ्याची
मी जरा वेगळं लिहिणार आहे, घाबरवायचं नाहीये. मला संध्याकाळी सातला बारीक कळा सुरू झाल्या, वीस वीस मिनिटांनी. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई दोघींनी मला रात्रभर चालवलं, गच्चीवर, जिन्यात, अंगणात, बसलीस तर कळा थांबतील म्हणून. सकाळी हॉस्पिटलला गेले तर तोंड उघडलेलं दोन सेंटीमीटर. दोन! डोळे उघडत नव्हते माझे. मग दुपारपर्यंत चार, तेव्हा जे खरं चालायचं होतं तेव्हा पायात जीव नव्हता, आणि संध्याकाळी ठोके पडायला लागले, सिझर झालं. बाळ मस्त आहे, आता शाळेत जातं.

ठोके चालण्याने पडले नाहीत, डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं, नाळ मानेभोवती होती आणि कळेबरोबर दबत होती. पण कित्येक महिने मला वाटायचं मी अजून थोडी हिंमत केली असती, उकिडवी बसले असते तर. त्यात शेजारणी म्हणायच्या चाललीच नसेल. म्हणून सांगते, सुरुवातीच्या बारीक कळांमधे झोप येत असेल तर झोपून घे, जेव, आंघोळ कर. कळा पाच पाच मिनिटांवर आल्या, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं, तेव्हा चाल.

खडूस_गायनॅक
ही वरची पोस्ट प्रत्येक सासूला छापून द्यावी. आता पाच सेंटीमीटरच्या पुढे खरं लेबर धरतात, त्याआधीचे तास कितीही लांबू शकतात आणि ते झोपून खाऊन काढायचे असतात.

हॉलंडची_हिरकणी
मी मूळची सांगलीची, सध्या नेदरलँड्स. इथे घरी डिलिव्हरी अजूनही बऱ्याच जणी करतात, मी घरी नाही केली (आई विमानातून उतरून आली असती मारायला) पण तयारी तीच असते. एक गोष्ट ऐकून हसाल, इथे तुमचा पलंग जमिनीपासून ८० सेंटीमीटर उंच करून ठेवावा लागतो, त्यासाठी खाली ठेवायचे ठोकळे भाड्याने मिळतात, का तर सुईण आणि नंतर आठवडाभर घरी येणारी बाळंतिणीची नर्स यांची कंबर वाकून वाकून मोडू नये म्हणून. म्हणजे काम करणारीची सोय इथेही बघतात, फक्त त्यासाठी बाळंतिणीला टेबलावर नाही चढवत, पलंगच वर उचलतात. मला ते फार आवडलं होतं.

माझ्या वेळी सुईणीने एक बुटका स्टूल आणला होता, घोड्याच्या नालेसारखा, मधे मोकळा. त्यावर मी बसले, मागे नवरा खुर्चीवर, त्याच्या मांड्यांवर माझे हात. आजीला फोटो दाखवला (आधीचा, सराव करतानाचा) तर म्हणाली अगं हे तर आमचा पाटच आहे, फक्त भोक पाडलंय. वीस मिनिटांनी सुईणीनेच उठवलं मला, जास्त वेळ बसलं की खालचा भाग सुजतो म्हणाली, मग कुशीवर, मग परत स्टूल. जन्म शेवटी कुशीवर झाला, नवऱ्याने वरचा पाय धरला होता, त्याचा हात दुसऱ्या दिवशी दुखत होता ते त्याने सगळ्यांना सांगितलं.

बाप_माणूस_पिंपरी
बायका बोलताहेत तर मधे तोंड घालत नाही पण नवऱ्यांसाठी दोन ओळी. कळ आली की तळहाताची टाच तिच्या कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, लावून जोरात दाबायची, चोळायचं नाही, दाबून धरायचं कळ जाईपर्यंत. मी सहा तास केलं. ती माझ्या गळ्यात हात टाकून अख्खं वजन टाकायची, तेव्हा गुडघे जरा वाकवून आणि भिंतीला पाठ लावून उभं राहा नाहीतर दोघं पडाल. पडलो नाही पण जवळ आलो होतो.

पहिलटकरीण_कराड
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, आईला पण वाचून दाखवलं, ती सोळा तासांवरून परत एकदा चिडली. आज डॉक्टरांकडे गेले होते. बरोबर नवरा होता, सुट्टी काढून आला होता. मी सरळ असं विचारलं की मॅडम सगळं नॉर्मल असेल तर कळांमधे मला फिरलेलं चालेल का, सीटीजीचा (बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणारं मशीन) पट्टा सारखा लागेल की मधे मधे, नवरा किंवा आई आत येईल का, आणि जोर करताना कुशीवर चालेल का. रागावल्या वगैरे काही नाहीत. फिरायला हो. सीटीजी आल्यावर वीस मिनिटं आणि मग सगळं बरं असेल तर सिस्टर डॉपलरने बघतील, कळा वाढवायचं सलाईन लावावं लागलं तर मात्र पट्टा सारखा, पण तेव्हाही कॉटच्या शेजारी उभं राहा किंवा खुर्चीवर बस, वायर तेवढी पुरते म्हणाल्या. सोबत आई चालेल, नवरा नाही, कारण तिथे दोन टेबलं आहेत आणि मधे नुसता पडदा. त्यावर काय बोलणार, दुसऱ्या बाईचाही विचार आहे. कुशीवर म्हटल्यावर थांबल्या जरा, मग म्हणाल्या मी फार केलेल्या नाहीत पण ठोके चांगले असतील तर बघू, आयत्या वेळी मी पाय वर घे म्हटलं तर घ्यायचे. मी हो म्हटलं. उकिडवं बसून डिलिव्हरी त्या टेबलावर शक्यच नाही, पडेन मी.

नवरा आत येणार नाही म्हणून कंबर दाबायचं ट्रेनिंग आता आईला चाललंय. बाप_माणूस यांनी सांगितलं तसं. आजी बाजूला बसून सूचना देतेय, अजून खाली, अजून खाली.

बॅगेत यासाठी म्हणून वेगळं काय घेऊ?

लेबररूमची_ताई
छान झालं गं. दोन जाड उशा घरच्या, दवाखान्याच्या उशीत काही नसतं. पुढून उघडणारा सैल गाऊन, गुडघ्याच्या वरच येईल असा, लांब असला की चालताना पायात येतो आणि ओला होतो. एक जुनी सतरंजी किंवा योगा मॅट, गुडघे टेकायचे झाले तर. पाण्याची स्ट्रॉवाली बाटली, ओणवं असताना ग्लासने पिता येत नाही. आणि चप्पल रबरी, मागे पट्टा असलेली घे. पाणी गेलं की फरशी निसरडी होते, साध्या स्लीपरवर मी दोघींना घसरताना बघितलंय.